पाहुण्याचा रशिया, मजुराचा रशिया

सोव्हिएत रशियाचं जे चित्र मराठी वाचकाच्या मनात आहे ते बहुतांशी पाहुण्यांनी काढलेलं आहे. जवाहरलाल नेहरू १९२७ साली मॉस्कोला जाऊन आले, रवींद्रनाथ ठाकूर १९३० साली. अण्णाभाऊ साठे १९६१ साली गेले आणि त्यांचा ‘माझा रशियाचा प्रवास’ आजही आवडीने वाचला जातो. यांपैकी कोणाच्याही प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. अण्णाभाऊ तर लहानपणी वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेले, गिरणीत राबलेले. कष्टकऱ्याचं राज्य म्हणवणारा देश त्यांनी जीव लावून पाहिला. पण पाहुण्याची जायची तारीख आधीच ठरलेली असते. रेशनच्या रांगेत त्याला उभं राहावं लागत नाही, महिनाअखेरीस हिशोबाला बसावं लागत नाही. ज्या गोष्टी फक्त मजुरालाच कळतात त्या त्याच्यापर्यंत येत नाहीत, आणि यात त्याचा दोष नाही.

तिथे कामाला गेलेली माणसंही होती, हजारोंनी होती. जागतिक मंदीच्या वर्षांत अमेरिका, कॅनडा, जर्मनी, फिनलंड इथून वेल्डर, टर्नर, खाणकामगार, लाकूडतोडे, इंजिनिअर सोव्हिएत कारखान्यांत गेले. त्यांचं म्हणणं मराठीत फारसं आलंच नाही. ते मराठवाड्यातल्या पालमसारख्या गावात बसून वाचण्याला अर्थ आहे असं मला वाटतं. आमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, शेळी, लेकरं भरून माणसं साखर कारखान्यांच्या फडांकडे जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. कामासाठी परमुलखात गेलेल्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न इथे चर्चासत्राचा नाही, घराघरातला आहे. माझं म्हणणं असं की त्या माणसाची खरी अवस्था त्याला मिळणाऱ्या मजुरीवरून, खोलीवरून किंवा मानपानावरून कळत नाही. काम आवडलं नाही तर तो निघून जाऊ शकतो का, यावरून कळते. रशियात गेलेल्या परदेशी कामगारांची दहा वर्षं हे जितक्या स्पष्टपणे दाखवतात तितकं दुसरं काही दाखवत नाही.

आधी ते का गेले ते पाहू. त्यांना भोळे किंवा पोथीनिष्ठ ठरवणं सोपं आहे, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. १९३३ पर्यंत अमेरिकेत चारांतला एक कामगार बेकार होता. १९३१ साली सोव्हिएत सरकारच्या न्यूयॉर्कमधल्या ‘अमटोर्ग’ या व्यापारी कंपनीने सहा हजार जागा काढल्या, त्यांसाठी एक लाखावर अर्ज आले. एवढे सगळे कम्युनिस्ट नव्हते. ज्यांच्या हातात कसब होतं आणि दाराशी काम नव्हतं, अशी ती माणसं होती. पहिली पंचवार्षिक योजना चालू होती, ऑक्टोबर १९३० मध्ये सोव्हिएत सरकारने आपल्याकडची बेकारी संपली असं जाहीर करून टाकलं होतं, आणि कारखान्यांना माणसं खरोखरच कमी पडत होती.

त्याच वर्षांत आमच्याकडे काय चाललं होतं? पालम तेव्हा मोगलाईत, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. काळ्या जमिनीत गावरान कापूस आणि ज्वारी. १९२९ नंतर शेतमालाचे भाव हिंदुस्थानभर निम्म्यावर आले. सारा आणि सावकाराचं व्याज मात्र त्या मानाने उतरलं नाही. घरातलं सोनं बाहेर पडू लागलं, आणि १९३१ पासून हिंदुस्थानातून सोन्याचा ओघ लंडनकडे लागला. मुंबईच्या गिरणीत जायचं तर संस्थानची हद्द ओलांडावी लागे. हद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं आणि पलीकडे नाणंही दुसरं. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार, आणि कलदार हालीपेक्षा जड. आपल्या घामाचे पैसे कोणत्या नाण्यात मिळतात यावर किती काय अवलंबून असतं, हे मोगलाईतल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. रशियात गेलेल्या परदेशी कामगाराला तेच पुढे शिकावं लागलं. त्याच्या करारात पगाराचा एक भाग डॉलरात आणि एक रुबलमध्ये असायचा. १९३२ च्या सुमारास सरकारची परकी चलनाची गंगाजळी आटली तसे बहुतेकांचे डॉलर थांबले. उरला रुबल. देशाबाहेर त्याला किंमत नव्हती, म्हणजे त्यातून परतीचं तिकीटसुद्धा निघत नव्हतं.

जॉन स्कॉट हा अमेरिकन तरुण यांतला सर्वांत चांगला साक्षीदार. वय वीस. विद्यापीठ अर्धवट सोडून तो वेल्डिंग शिकला आणि १९३२ साली उरल पर्वतापलीकडे मॅग्निटोगोर्स्कला गेला. तिथे उघड्या माळावर, लोखंडाच्या डोंगराशेजारी, जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक उभा राहत होता. नमुना अमेरिकेतल्या गॅरीच्या कारखान्याचा, आराखडे क्लीव्हलँडच्या एका कंपनीचे. पहिली झोतभट्टी १९३२ च्या सुरुवातीला, भर हिवाळ्यात पेटवली गेली. स्कॉट उणे पस्तीस अंशांत बर्फ साचलेल्या परांच्यांवर चढून जोडकाम करायचा. शेजारचा माणूस खाली कोसळलेला त्याने पाहिला. त्याच्याभोवतीच्या बहुतेकांनी वर्षभरापूर्वी वीज पाहिली नव्हती, शिडीवरही कधी चढले नव्हते. खेड्यातून आले ते थेट झोतभट्टीवर. दुपारी जाडाभरडा पाव आणि पातळ सूप, रात्री बराकीत दाटीवाटीने झोप. आणि तरीही संध्याकाळच्या शाळा भरलेल्या असायच्या. दिवसभर लोखंड उचललेली माणसं रात्री बीजगणित शिकायची. स्कॉटने तिथेच लग्न केलं. मुलगी शेतकरी घरातली, पुढे गणिताची शिक्षिका झालेली. १९४२ मध्ये ‘बिहाइंड द युरल्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात या सगळ्याविषयी आदर आहे, आणि माणसं किती स्वस्तात मारली गेली याचा हिशोबही आहे. दोन्ही एकाच नजरेतून आलेलं आहे, म्हणून ते खरं वाटतं.

पण स्कॉटच्या मॅग्निटोगोर्स्कमध्ये दोन वस्त्या होत्या, आणि त्या ओलांडून पुढे जाता येत नाही. एक ‘बेर्योझ्का’. झाडीतली स्वतंत्र घरं, परदेशी तज्ज्ञांसाठी बांधलेली. पुढे ती कारखान्याच्या वरिष्ठांनी घेतली. परदेशी माणसासाठी ‘इन्स्नाब’ची वेगळी दुकानं होती. लोणी, मांस, साखर, कापड, जे शेजारच्या रशियन कामगाराला महिनोन्‌महिने दिसत नसे, ते तिथे मिळे. दुसरी वस्ती तंबूंची. तिथे जमिनी काढून घेऊन हुसकावलेले शेतकरी होते, ‘कुलाक’, म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवलेले, गाड्यांत कोंबून आणलेले. त्यांच्या हातात फावडं होतं. पहिल्या हिवाळ्यांत त्यांची लहान मुलं मोठ्या संख्येने मेली. कारखान्याचा पाया त्यांनी खणला.

इथे मला थांबावंसं वाटतं. परदेशी कामगाराच्या कहाण्या लिहिणारे बहुतेक जण त्याच्या हालअपेष्टांपाशीच थांबतात. त्याला मिळालेलं लोणी कुठून आलं हे विचारत नाहीत. यंत्रं परदेशातून यायची, त्यांचे पैसे सोन्यात किंवा धान्यात द्यावे लागायचे. १९३१ साली सोव्हिएत संघाने सुमारे पन्नास लाख टन धान्य बाहेर विकलं. पुढच्या दोन वर्षांत युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लाखो माणसं उपाशी मेली. ‘टोर्गसिन’ नावाची सरकारी दुकानं होती, तिथे सोनं-चांदी दिली की पीठ मिळे. बायांनी लग्नातल्या अंगठ्या दिल्या, क्रॉस दिले, आणि त्या सोन्यातून यंत्रं आली. मराठवाड्यातल्या बाईने त्याच वर्षांत अंगावरचा मणी सावकाराच्या तागडीत टाकला. दोन्ही बायांना एकमेकींचं नावही ठाऊक नव्हतं. पण मंदीच्या दशकात जगातल्या उद्योगाचं गाडं कशावर चाललं असं कोणी विचारलं, तर मी भट्ट्यांच्या आधी या दोन बायांकडे बोट दाखवीन.

मानपानाचं म्हणाल तर रॉबर्ट रॉबिन्सनचं उदाहरण घ्यावं लागतं. जमैकात जन्मलेला, क्यूबात वाढलेला हा कृष्णवर्णीय कारागीर डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात हत्यारं बनवायचा. १९३० साली त्याला स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात महिना अडीचशे डॉलरवर बोलावलं. फोर्डकडे मिळत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे गेल्यावर दोन गोऱ्या अमेरिकन कामगारांनी त्याला मारहाण केली. अमेरिकेत असं रोज घडत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. सोव्हिएत सरकारने त्या दोघांवर खटला चालवला आणि त्यांना देशाबाहेर काढलं. वर्तमानपत्रांनी तो खटला देशभर पोचवला. त्यात प्रचाराचा भाग होता, नक्कीच. पण रॉबिन्सनपुरतं पाहिलं तर आयुष्यात पहिल्यांदा एक सरकार त्याच्या बाजूने उभं राहिलं होतं. आपल्याकडे जातीच्या मारहाणीत पोलीस ठाण्यातून परत पाठवलेल्या माणसाला विचारा, याची किंमत किती असते.

हाच रॉबिन्सन पुढे मॉस्कोच्या बॉल बेअरिंग कारखान्यात गेला. १९३४ साली त्याला न विचारता मॉस्को सोव्हिएतवर, म्हणजे शहराच्या प्रतिनिधी सभेवर, निवडून दिलं. सन्मान मोठा, पण त्यापायी त्याचं अमेरिकन नागरिकत्व गेलं, आणि सोव्हिएत पासपोर्ट घेतल्यावर बाहेर जाण्याची परवानगी सरकारच्या हातात गेली. ती तो दर वर्षी मागत राहिला. १९७४ साली युगांडाला सुटीवर जायची परवानगी मिळाली आणि तिथून तो परतला नाही. एका वर्षाच्या करारावर गेलेला माणूस चव्वेचाळीस वर्षांनी बाहेर पडला. मधल्या काळात त्याला कोणी तुरुंगात टाकलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कामावरून काढलं नाही. फक्त जाऊ दिलं नाही.

बाकीच्यांचं नशीब एवढंही चांगलं नव्हतं. अमेरिका आणि कॅनडातले सहा हजारांच्या आसपास फिनिश लोक १९३१ पासून सोव्हिएत कारेलियात गेले. जाताना आपल्या करवती, मोटारी, साठवलेले डॉलर घेऊन गेले आणि समाजवादाला दान करून टाकले. अनेकांनी पासपोर्टही देऊन टाकले. १९३७-३८ च्या दहशतीत परदेशाशी संबंध हाच गुन्हा ठरला आणि त्यांतले शेकडो गोळ्या घालून मारले गेले. कारेलियातल्याच सांदारमोखच्या जंगलात त्यांची थडगी आहेत. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला १९३३ च्या अखेरीपर्यंत मान्यताच दिली नव्हती. म्हणजे सुरुवातीची वर्षं तक्रार घेऊन जायला वकिलातही नव्हती. वकिलात उघडली तेव्हा तिच्या दाराबाहेर गुप्त पोलीस उभे असत.

आपल्या जवळचीही दोन उदाहरणं आहेत. ते दोघे कामगार नव्हते, क्रांतिकारक होते, पण मुद्दा तोच आहे. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हैदराबादेत जन्मले आणि वाढले; पालमची राजधानी तीच त्यांचं गाव. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यांच्याच बरोबर १९२१ साली मॉस्कोला गेले होते. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला निघून गेले, चापिंगोच्या कृषी शाळेत मक्यावर संशोधन केलं, आणि स्वातंत्र्यानंतर मायदेशी येऊन १९६७ साली नागपुरात वारले. वीरेंद्रनाथ पुढे सोव्हिएत संघात स्थायिक झाले आणि लेनिनग्राडच्या एका संस्थेत काम करू लागले. १९३७ च्या उन्हाळ्यात त्यांना पकडलं आणि २ सप्टेंबरला गोळी घातली. दोघांची निष्ठा एकाच तोलाची होती. एक वेळेत दाराबाहेर पडला, एवढाच काय तो फरक.

यावर आमच्याकडचे डावे मित्र एक प्रश्न विचारतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, भांडवलशाहीत बेकाराला सोडून जाण्याचं स्वातंत्र्य होतं खरं, पण जाणार कुठे? डेट्रॉइटच्या रस्त्यावर सूपच्या रांगेत? आणि मॅग्निटोगोर्स्कचं पोलाद नसतं, तर १९४२ मध्ये हिटलर कुठपर्यंत आला असता? स्टालिनग्राडच्या त्या ट्रॅक्टर कारखान्यात रणगाडे बनले, आणि अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो उगाच नव्हे.

पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. रिकाम्या पोटी सोडून जाण्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून रोजगाराची हमी आणि सोडून जाण्याची मुभा एकत्रच मागावी लागते. एक देऊन दुसरी काढून घेणारा सौदा नाकारावा लागतो. दुसरा भाग मान्य करायला मी तयार नाही. पोलाद लागत होतं हे खरं. त्यासाठी कामगाराला बांधून ठेवणं लागत होतं हे कोणी सिद्ध केलेलं नाही. उलट घडलेलं दिसतं. १५ नोव्हेंबर १९३२ च्या हुकुमाने विनाकारण एक दिवस गैरहजर राहिलेल्याला कामावरून काढण्याची, आणि त्याबरोबर त्याचं रेशन कार्ड व कारखान्याची खोली काढून घेण्याची तरतूद झाली. त्याच डिसेंबरात शहरी लोकांना अंतर्गत पासपोर्ट दिले आणि सामूहिक शेतावरच्या शेतकऱ्याला त्यातून वगळलं; त्याला तो सर्रास मिळायला १९७४ चा नियम यावा लागला. १९४० मध्ये परवानगीवाचून नोकरी सोडणं फौजदारी गुन्हा झाला. एवढं करूनही माणसं पळतच राहिली, म्हणूनच तर कायदा दर वेळी आणखी कडक करावा लागला. कामगार संघटना होत्या, पण १९२९ मध्ये त्यांचे प्रमुख तोम्स्की यांना हटवल्यानंतर त्यांचं काम उत्पादन वाढवण्याचं झालं. कामगाराच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नाही. वॉल्टर आणि व्हिक्टर रॉयथर या अमेरिकन भावांनी १९३३ ते १९३५ गोर्की शहरातल्या मोटार कारखान्यात काम केलं, तिथल्या तरुणांच्या जिद्दीने ते भारावले होते. पण त्यांनी करार संपल्यावर तो देश सोडला आणि पुढे डेट्रॉइटला मोटार कामगारांची संघटना उभारण्यात आयुष्य घातलं. अशी संघटना गोर्कीत उभारायला कोणी धजलं नसतं.

तो नोव्हेंबरचा हुकूम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या फडावरचा खाडा आठवला. ऊसतोड मजूर आजारी पडला, बाळंतपण आलं, घरी कोणी वारलं, तरी दिवस बुडाला की खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाने कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, हातात ठेवलेली रक्कम. कारखान्याकडून पैसे वाहतूकदाराला आणि मुकादमाला, मुकादमाकडून टोळीला. मजूर आमचा नाही, असं कारखाना म्हणू शकतो. हिशोबाची वही मुकादमाकडे. हंगाम संपून पट्टा पडल्यावर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, आणि मग पुढचं वर्षही त्याच टोळीत. मधेच निघालेल्या मजुराला गाठून परत आणल्याच्या, घरातलं माणूस अडकवून ठेवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात अगदी हेच लिहिलं आहे: उचलीपोटी माणसाने दुसरीकडे काम करण्याचं किंवा हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य गमावलं, तर ती वेठबिगारी. कायद्याची भाषा स्वच्छ आहे. फडावर तो लावायला कोणी जात नाही.

मॅग्निटोगोर्स्क आणि उसाचा फड एकच आहेत असं मी म्हणत नाही. आमच्या मजुराला कोणी १९३७ सारखं रात्री उचलून नेत नाही, तो मत देतो, त्याच्या संघटना संप करतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती त्या दबावामुळेच. पण आपण दराच्या टक्क्यावर जितकं भांडतो त्याच्या दहाव्या हिश्शानेही उचलीच्या वहीवर भांडत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. रॉबिन्सनचा पगारही चांगलाच होता.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुणांना तिकडे पाठवण्याची योजना जाहीर झाली. परभणी-नांदेडच्या आयटीआयतली मुलं जर्मन शिकण्याचा विचार करू लागली, आणि ही चांगली गोष्ट आहे. कसब असलेल्या मुलाने जग पाहावंच. पण त्याच वर्षी मार्चमध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो दलालांवर. मदतनिसाची नोकरी सांगून भारतीय तरुणांना रशियात नेलं, तिथे पासपोर्ट काढून घेतले आणि युद्धाच्या आघाडीवर धाडलं. काही जण तिथेच मेले. नव्वद वर्षांनी तोच देश, तेच आमिष, तोच काढून घेतलेला पासपोर्ट.

तेव्हा परदेशी पाठवणाऱ्या प्रत्येक कराराला, मग तो सरकारी असो की दलालाचा, पगाराच्या आकड्याआधी चार प्रश्न विचारायला हवेत. पासपोर्ट कोणाच्या खिशात राहणार? मालक बदलता येणार का? मधेच परतायचं ठरलं तर तिकिटाचा खर्च कोण करणार? आणि तिथल्या संघटनेत सभासद होता येणार का? जर्मनीच्या बाबतीत उत्तरं बरी यावीत, तिथे संघटना भक्कम आहेत. पण ती मराठीत छापून, सहीच्या आधी, मुलाच्या आणि त्याच्या बापाच्या हातात पडली पाहिजेत. आणि तेच प्रश्न दसऱ्याआधी पालमच्या बाजारात टोळी बांधणाऱ्या मुकादमालाही विचारायचे. फरक इतकाच की तिथे पासपोर्टच्या जागी उचलीची वही असते. त्या वहीची एक प्रत, आकडा आणि सही यांसकट, ट्रॉली हलण्याआधी मजुराच्या घरात आणि दुसरी ग्रामसेवकाकडे राहिली पाहिजे. ऊसतोड मजुरांना ओळखपत्रं देण्याचं काम ग्रामसेवकाकडे आधीच आहे. त्याच खेपेत हेही होऊ शकतं.